मासा जिवंत असतानाच मोजायचा: नवख्या गळवाल्यांसाठी, तलवार माशापासून तांबोशीपर्यंत

मी मूळचा सातारचा. आमच्या घरी मासा म्हणजे बाजाराच्या दिवशी आणलेलं सुकट, एवढीच ओळख. मुंबईत नोकरीला लागलो, शेजारच्या टेबलावर मढच्या कोळीवाड्यातला एकजण बसायचा, आणि पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा गळ हातात धरला. त्याचे वडील जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी. मी त्यांना काका म्हणतो. पहिल्याच रविवारी वीतभर तांबोशी लागली, ती नाचत त्यांच्यापुढे नेली. कौतुक राहिलं बाजूला, काका म्हणाले, "मोजलीस?" मला वाटलं चेष्टा करतायत.

पुढे काही वर्षांनी फ्लोरिडाला मावसभावाकडे गेलो. त्याने हौसेने मियामीजवळ रात्रीची भाड्याची बोट ठरवली, तलवार माशासाठी. मध्यरात्री मासा लागला, पाऊण तास हात भरून आले, आणि बोटीच्या कडेला चांदीसारखं काहीतरी चमकलं. तलवारीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सहज साडेपाच फूट. मी ओरडलो, "मोठ्ठा आहे!" कॅप्टनने मासा पाण्यातच ठेवला, पट्टी लावली, तलवार मोजलीच नाही, आणि म्हणाला ४४ इंच. लागतात ४७. त्याने दोर कापला, मासा खाली गेला. माझा फोटोसुद्धा नीट आला नाही.

त्या तीन इंचांनी मला जे शिकवलं तेच इथे लिहितोय. मुंबईत नव्याने गळ टाकणाऱ्यांना याची गरज जास्त, कारण आपल्याकडे रॉडवर दहा हजार घालवतील, पण खिशात मोजपट्टी नसते.

१. आकडा कुठल्या माशाचा आणि कुठल्या पाण्यातला, ते आधी ठरवा

इंटरनेटवर एखादा व्हिडिओ बघून "तलवार मासा ४७ इंच" हे पाठ करणारे मी पाहिलेत. तो आकडा अमेरिकेच्या अटलांटिक पाण्यातला. म्हणजे ११९ सेंमी. अटलांटिकमधल्या टुना-तलवार माशांवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने देशांना दोन पर्याय दिलेत: १२५ सेंमीची मर्यादा आणि थोडी सूट, किंवा ११९ सेंमी आणि अजिबात सूट नाही. भूमध्य समुद्रात तोच मासा १०० सेंमीला चालतो. मासा एक, आकडे तीन.

आपल्या बाजूला हिंदी महासागर टुना आयोग आहे, भारत त्याचा सदस्य. त्याचा २०१८ चा ठराव मार्लिनच्या तीन जाती आणि सेलफिश यांच्यासाठी आहे: खालच्या जबड्यापासून ६० सेंमीपेक्षा लहान मासा बोटीवर ठेवायचा नाही. तलवार मासा त्या ठरावात नाही, हे लक्षात असू द्या. मुंबईतल्या गप्पांत लांब चोचीचा प्रत्येक मासा "तलवार" असतो, म्हणून सांगतोय.

आणि किनाऱ्याजवळ, जिथे तुम्ही-आम्ही खरोखर गळ टाकणार, तिथे राज्याचं चालतं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याच्या आधारे २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. केरळने हे आधी केलं होतं, त्यानंतर आपण. पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी. संपूर्ण तक्ता मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळवा, छापून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि सामानाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवू नका. हाताला चिखल आणि कोळंबीचा रस लागलेला असताना मोबाइल उघडणार कोण?

यातला खाचखळगा असा की कायद्याचा मुख्य रोख मासेमारी नौकांवर आहे, त्यामुळे खडकावरचा हौशी माणूस म्हणतो, "आपल्याला कोण विचारतंय." कोणी विचारत नाही हे खरंच. पण तांबोशीला ते कळत नाही.

२. आकडा का आहे, ते एकदा समजून घ्या

इथे थोडा रेंगाळतो, कारण हे कळल्यावरच माझी हळहळ गेली.

१९९० च्या दशकात उत्तर अटलांटिकमधला तलवार मासा झपाट्याने घटला. लांबच लांब दोरीला शेकडो गळ लावून तो धरला जायचा, आणि बाजारात येणारे मासे वर्षागणिक लहान होत गेले. १९९८ मध्ये अमेरिकेत अनेक हॉटेलांच्या बल्लवांनी तलवार मासा ताटातून काढला. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने दहा वर्षांची योजना आखली. २००१ पासून फ्लोरिडाचा पूर्व किनारा, जिथे पिल्लं वाढतात, तिथे लांब दोरीच्या मासेमारीला बंदी झाली. २००९ मध्ये तो साठा सावरल्याचं जाहीर झालं.

आता यातली मेख बघा. नुसत्या आकाराच्या मर्यादेने हे झालेलं नाही. लांब दोरी रात्रभर पाण्यात असते. सकाळी ती ओढेपर्यंत लहान मासा बहुतेक वेळा मेलेला असतो. कायद्यापायी तो परत फेकायचा, म्हणजे मेलेला मासा समुद्रात. कागदावर नियम पाळला, पिल्लू गेलं ते गेलंच. म्हणून कोटा आणि बंद क्षेत्रं आणावी लागली.

हातात रॉड असलेल्या माणसाचं वेगळं आहे. आपला मासा जिवंत वर येतो. मोजपट्टीचा खरा उपयोग कोणाला असेल तर तो आपल्याला. पण मासा उन्हात कातळावर पाच मिनिटं तडफडल्यावर पट्टी शोधत बसलात तर तुम्ही आणि ती लांब दोरी, दोघं सारखेच. खालची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे: मोजताना मासा सोडण्याजोगा असला पाहिजे.

आणखी एक. किमान आकार म्हणजे प्रौढ आकार असं समजू नका. तलवार माशात मादी नरापेक्षा बरीच मोठी होते आणि उशिरा वयात येते, साधारण चार-पाच वर्षांनी. ४७ इंची मादी अजून एकदाही व्यालेली नसण्याचीच शक्यता जास्त. कायद्याने ती ठेवता येते. ठेवायची की नाही, ते तुम्ही बघा. मी काठावरचा मासा ठेवत नाही.

३. काय धरलंय ते ओळखा

तलवार माशाची तलवार चपटी असते, मार्लिनची चोच गोलसर. मोठ्या तलवार माशाला खवले नसतात, दात नसतात, पोटाखालचे परही नसतात. सेलफिशच्या पाठीवर शिडासारखा उंच पर असतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

खरी गल्लत होते ती करवत माशाशी. त्याच्या लांब नाकाडाला दोन्ही बाजूंनी दात असतात, अगदी करवतीसारखे. तो पाखटाच्या कुळातला, अंग चपटं, कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. व्हेल शार्क २००१ पासून आहे. समुद्री कासवं आणि समुद्रघोडेही संरक्षित आहेत. यांच्यापैकी काहीही गळाला किंवा दोरात आलं तर आकाराचा प्रश्नच नाही, लगेच सोडायचं. फोटोसाठी उचलून धरणंसुद्धा अंगाशी येईल. कोळी बांधवांच्या जाळ्यात असा प्राणी आला आणि त्यांनी जाळं कापून तो सोडला तर राज्य सरकार २०१८ च्या अखेरीपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. तुमच्या ओळखीच्या नाखव्याला हे ठाऊक नसेल तर सांगा.

मुंबईच्या काठावर प्रत्यक्षात काय लागतं? शिंगाळा सगळ्यात जास्त, त्यानंतर तांबोशी, गोब्रा, वाम, कधी पाखट, खाडीत काळुंदर, नशीब असेल तर रावस किंवा जिताडा. पापलेट-बोंबील गळाला लागत नाहीत, ते जाळ्याचे मासे. केंडही लागतो, फुग्यासारखा फुगतो. तो विषारी. कोणी कितीही म्हणालं की "साफ करता येतो", तरी खाऊ नका.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा हातात गेला तर माणूस मोठा असला तरी रडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, त्याने वेदना उतरतात, आणि मग डॉक्टरकडे जा. पाखटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच पहिला उपाय. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवायची सवय मला एका शिंगाळ्याने लावली. चहा होतो, तो वरकडीचा फायदा.

४. कागदपत्रं आणि सामान

मुंबईत होडीने जाणार असाल तर:

- स्वतःचं मूळ ओळखपत्र. समुद्रात तपासणी होते, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालत बसू नका.
- होडीचं नोंदणीपत्र, परवाना आणि विमा. होडीवाल्याकडून आदल्या दिवशी बघून घ्या. मासेमारीचा परवाना आहे म्हणजे तुमच्यासारखे चार पाहुणे न्यायची परवानगी आहे, असं धरून चालू नका.
- माणशी एक लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेसमोर फेरीबोटीचा अपघात झाला, तेव्हापासून मी याबाबत भिडस्तपणा सोडला.
- घरी सांगून ठेवायची वेळ: किती वाजता परत, आणि न आल्यास कोणाला फोन.

फ्लोरिडासारख्या ठिकाणी भाड्याच्या बोटीवर गेलात तर प्रवाशाला सहसा वेगळा परवाना लागत नाही, बोटीचा चालतो. पण टुना, तलवार मासा वगैरेंसाठी बोटीकडे संघराज्याचा वेगळा परवाना लागतो. तो आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि तलवार मासा ठेवलात तर किनाऱ्यावर आल्यापासून २४ तासांत त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. कोण करणार, तुम्ही की कॅप्टन, हे धक्क्यावरच ठरवा. हौशी परवान्यावर धरलेला मासा विकता येत नाही.

सामान: मोजपट्टी (यावर पुढे), लांब नाकाची पक्कड, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कापायची कात्री, रबरी जाळीचं दांड्याचं जाळं, ओलं करायला फडका, सर्कल हुक (याबद्दलही पुढे). बाकी रॉड-रील तुमच्या ऐपतीने घ्या. दुकानदार पहिल्याच दिवशी तुम्हाला महागडं रील विकू बघेल. काका आजही हातात तंगूस धरून माझ्यापेक्षा जास्त मासे काढतात.

५. दिवस आणि जागा

मुंबईत गळ टाकायला घड्याळापेक्षा पंचांग कामाला येतं. तिथीला तीनने गुणा, चारने भागा: भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. थोडं पुढेमागे होतं, पण कोळीवाड्यात हाच हिशेब चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जोरात चढतं आणि जोरात ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. नवख्याने भांगाच्या दिवसांत शिकावं. भरती लागायला सुरुवात झाल्यापासून दोन तास, हा माझा आवडता वेळ. तेव्हा मासा खडकाशी चरायला येतो आणि तुम्हाला परतायची वाट अजून कोरडी असते.

यंत्रवाल्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हा अनेक माशांचा विणीचा काळ. पारंपरिक कोळी तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचे. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला ही बंदी लागू नाही असं म्हणत भर पावसात मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या दगडांवर, उतरणारे दरवर्षी दिसतात. साडेचार मीटरच्या वर भरती जाणाऱ्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी घरी बसा. मी जून-जुलैत गळ टाकतच नाही. रील उघडतो, तेल घालतो, गऱ्या घासतो.

जागा: मढ, मार्वे, मनोरी, गोराईच्या बाजूला शिकायला बरं. नौदलाची गोदी, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल, यांच्या आसपास फिरकूही नका, तिथे "हौस" हे उत्तर चालत नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातले विहार-तुळशी तलावही वर्ज्य. गोड्या पाण्यात हात बसवायचा असेल तर पवईला महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे, रीतसर सभासद होऊन कटला-रोहूवर शिकता येतं. पवईत मगरी आहेत हे विसरून पाय पाण्यात सोडून बसू नका.

आणि तलवार माशाचं म्हणाल तर, मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी तलवार मासा घेऊन येऊ असं कोणी सांगितलं तर आगाऊ रक्कम देऊ नका. मियामीपासून पंधरा-वीस मैलांत दीड हजार फूट पाणी लागतं. मुंबईसमोरचा उथळ पट्टा जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे. हा मासा दिवसा खोल अंधारात राहतो, रात्री वर येतो. आपल्याकडे तो मिळतो तो खोल समुद्रातल्या टुनाच्या बोटींना. फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईतच आहे, त्यांच्या लांब दोरीच्या सर्वेक्षणात तलवार मासे आणि सेलफिश येतात. एका रविवारचं ते काम नाही.

६. गरी अशी घ्या की मासा सुटेल

नवखा माणूस गरी मासा अडकवायला घेतो. तुम्ही सुटायचाही विचार करा. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेली गोल गरी, बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसते. साधी सरळ गरी मासा गिळतो आणि ती आतड्यापर्यंत जाते.

पण सर्कल हुकची एक सवय लावून घ्यावी लागते. मासा ओढायला लागला की हिसका द्यायचा नाही. तंगूस ताठ होऊ द्यायचा आणि सावकाश गुंडाळायचं. पहिले चार रविवार मी सवयीने हिसके मारले आणि एकही मासा लागला नाही. गरी खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडूनही आलो.

टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासे थोडे जास्त निसटतील, खरं आहे. तुमच्या अंगठ्यात गरी घुसेल त्या दिवशी हा सल्ला पटेल.

७. मोजणं

तीन लांब्या आहेत, आणि सगळे घोळ इथेच होतात.

एकूण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. दुसरी, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, म्हणजे जिथे शेपटी दुभंगते त्या खाचेपर्यंत. तिसरी तलवार मासा, मार्लिन, सेलफिश यांच्यासाठी: खालच्या जबड्याच्या टोकापासून बेचक्यापर्यंत. वरची तलवार धरतच नाहीत. कारण साधं आहे. तलवार शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश असते, ती मोडते, झिजते, प्रत्येक माशात कमी-जास्त असते. तलवारीसकट मोजलं तर दोन सारख्या वयाच्या माशांत फूटभर फरक पडेल. माझा साडेपाच फुटी मासा ४४ इंचांवर आला तो असा.

अमेरिकेत तलवार माशाचं डोकं काढलेलं असेल तर वेगळं माप आहे: कल्ल्यामागच्या कमानदार हाडापासून शेपटीच्या बुडाशी बाजूला असलेल्या आडव्या उंचवट्यापर्यंत २५ इंच. म्हणून समुद्रातच मासा कापून तुकडे डब्यात भरायला तिथे मनाई आहे, तुकडा मोजणार कसा?

मुंबईतल्या माशांसाठी माझी युक्ती सांगतो. तक्त्यातला आकडा कुठल्या लांबीचा, यावर डोकं खाजवण्यापेक्षा सरळ बेचक्यापर्यंत मोजा. ही लांबी एकूण लांबीपेक्षा कधीच जास्त भरत नाही. तीच आकड्याच्या वर असेल तर वादच मिटला. काठावर असेल तर सोडा.

मासा सपाट, ओल्या पृष्ठभागावर, तोंड मिटलेलं. पट्टी माशाच्या अंगावरून वळवून नेऊ नका, पोटाच्या फुगवट्याने सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर फुकट वाढतात. पट्टी माशाखाली सरळ पसरा. मी रॉडच्या मुठीवर नेलपॉलिशने खुणा केल्यात: २०, ३०, ४० सेंमी. काकांच्या वल्ह्यावर चाकूच्या खाचा आहेत, त्या कोणत्या माशाच्या ते त्यांनाच ठाऊक. होडीवर मोठा मासा असेल तर वर ओढूच नका, कडेला पाण्यातच मोजा. आणि गॅफ, म्हणजे लांब दांड्याची लोखंडी आकडी, मोजून झाल्याशिवाय हातात घेऊ नका. एकदा अंगात आकडी गेली की तो मासा सोडून उपयोग नाही. तलवार माशाच्या बाबतीत हातमोजे घाला आणि तोंडासमोर उभे राहू नका.

८. सोडणं

मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला गुदमरायला लागलं की त्यालाही लागलंय.

हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्या जागी रोग शिरतो. कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका. एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली. गरी दिसत असेल तर पक्कडीने फिरवून काढा. आत गेलेली असेल तर खेचाखेच नको, तंगूस तोंडाशी कापा आणि गरी राहू द्या. ओढून आतडं बाहेर आणण्यापेक्षा ते बरं.

मासा सुस्त असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्या. तो स्वतः शेपटी मारेल तेव्हा सोडा. पुढेमागे हलवत बसू नका, मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. खडकावरून फेकून तर अजिबात देऊ नका. "सोडला" म्हणून जो मासा तीन फुटांवरून खडकावर आपटून पाण्यात गेला, तो सोडलेला नव्हे.

खोल पाण्यातून आलेला गोब्रा वर येताना फुगतो, कधी तोंडातून पिशवीसारखं काहीतरी बाहेर येतं. ते जठर. त्याला टोचू नका. असा मासा पृष्ठभागावर सोडला तर तरंगत राहतो आणि घारी नेतात. वजन बांधून त्याला खाली नेऊन सोडायची साधनं मिळतात. ती नसतील तर लहान गोब्रे लागायला लागल्यावर जागा बदला.

९. ठेवायचाच असेल तर

लगेच बर्फात. एका दिवसाला घरात जेवढा खपेल तेवढाच. विकू नका. मढच्या धक्क्यावर मी एकदा दोन जादा तांबोश्या एका हॉटेलवाल्याला दिल्या, तर काका आठवडाभर बोलले नाहीत. त्यांच्या पोटाचा धंदा आणि माझी रविवारची हौस, त्यात फरक आहे.

तलवार माशात पारा जास्त असतो, गरोदर बायका आणि लहान मुलांना देऊ नये असा वैद्यकीय सल्ला आहे. माझ्या मावसभावाने मला सोडलेल्या माशाबद्दल सांत्वन म्हणून हेच सांगितलं होतं.

बाजारातही पट्टी उपयोगी पडते. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, आणि १३५ मिमी म्हणजे वितीपेक्षाही बरंच कमी. त्याहून लहान पापलेटांचा वाटा कोणी पुढे केला तर घेऊ नका. मावशी दोन शब्द बोलतील, ऐकून घ्या.

१०. वही

तारीख, तिथी, जागा, मासा, लांबी, ठेवला की सोडला. एवढंच लिहा. वर्षभरात कुठल्या तिथीला कुठे काय लागतं ते तुमचं तुम्हाला कळतं, आणि पिल्लांची जागा कुठली तेही. मार्वेच्या खाडीतला एक कोपरा मी असाच बंद केला. तिथे सलग सात वेळा पंधरा सेंमीच्या आतली तांबोशीच लागली.

शेवटी पट्टीबद्दल राहिलं. शिंप्याची कापडी पट्टी घेऊ नका, ती भिजून ताणते. मी दोन वर्षं तीच वापरली. एकदा सहज पोलादी पट्टीला लावून बघितली, तर तीस सेंटीमीटरमागे जवळजवळ एक सेंटीमीटर वाढलेली. म्हणजे माझं प्रत्येक माप कमी येत होतं, आणि सोडलेल्यांपैकी काही तांबोश्या खरं तर ठेवण्याजोग्या होत्या. काकांना सांगितलं, तर जाळं शिवता शिवता म्हणाले, "बरं झालं." आता पोलादी आहे. दर ऑगस्टला तेल पुसतो.